मुलाच्या ताब्याबाबतच्या आदेशात बदल करून घेण्यासंबंधी मदत हवी आहे

नमस्कार. आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला, तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. आज तो नऊ वर्षांचा आहे. न्यायालयाच्या आदेशानुसार तो माझ्याकडे मुलुंडला राहतो आणि एकाआड एक शनिवारी सकाळी अकरापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत, तसेच दिवाळीची व मे महिन्याची निम्मी सुट्टी, वडिलांकडे बोरिवलीला असतो. मुलाची देवाणघेवाण दादर स्थानकाच्या पुलावर होते. (पाच वर्षांत तिथल्या वडापाववाल्यालाही आमचे वार पाठ झाले आहेत.)

अडचण अशी, की आता शनिवारी शाळेचे जादा तास असतात आणि गृहपाठाची वही हमखास एका घरी, तर मुलगा दुसऱ्या घरी असतो. वेळ बदलण्याविषयी बोलणे काढले, की ‘कन्सेंट टर्म्समध्ये (म्हणजे घटस्फोटाच्या वेळी दोघांनी संमतीने ठरवलेल्या अटींमध्ये) जे आहे तेच’ एवढेच उत्तर त्याच्या वडिलांकडून मिळते. वडिलांचा सहवास कमी व्हावा, अशी माझी मुळीच इच्छा नाही. उलट मुलाला तो हवाच आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ नुसार असा आदेश पुढेही बदलता येतो, हे मला ठाऊक आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात कोणी केवळ वेळापत्रक बदलण्यासाठी असा अर्ज केला आहे का? समुपदेशकांसमोर तोडगा निघाला का, आणि न्यायाधीशांनी मुलाशी स्वतंत्रपणे बोलणे केले का? अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.