फाइल सर्व्हरसाठी दोन नोडचं क्लस्टर : गरज की हौस?

रिकामा_रॅक

आमच्याकडे एकच फाइल सर्व्हर आहे. लिनक्सवर सांबा (विंडोजच्या मशिनना फायली वाटून देणारं सॉफ्टवेअर), दीडशेच्या आसपास माणसं, दिवसभर एक्सेल आणि स्कॅन केलेले कागद. मागच्या महिन्यात मदरबोर्ड गेला आणि पाच तास सगळे हातावर हात ठेवून बसले. तेव्हापासून वरून एकच घोषा : "क्लस्टर लावा." म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन सर्व्हर (नोड), एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. माझा ठाम विरोध आहे. कारणं देतो, खोडून काढा.

आधीच्या नोकरीत मी हे लावलं होतं. दोन मशिन, डिस्कच्या मिररिंगला डीआरबीडी (एकीवरचं दुसरीवर तसंच लिहिणारं), वर कोरोसिंक-पेसमेकर (नोडमधला संपर्क ठेवणारं आणि सेवा कुठे चालवायची ते ठरवणारं) आणि एक व्हर्च्युअल आयपी (चालू नोडकडे सरकणारा पत्ता). आठ महिने सुरळीत. मग स्विचचं फर्मवेअर अपडेट झालं आणि हार्टबीटचं व्हीलॅन, म्हणजे नोडनी एकमेकांना 'जिवंत आहे' कळवायची स्विचमधली वेगळी वाट, त्यात पुसलं गेलं. लोकांचं नेटवर्क चालू, पण दोन नोडमधलं बोलणं बंद. प्रत्येकाला वाटलं दुसरा मेला. दोन्ही प्रायमरी (लिहिण्याचा हक्क असलेले) झाले, दोघांनीही तोच आयपी घेतला. पुढची चाळीस मिनिटं निम्मी माणसं इकडे लिहीत होती, निम्मी तिकडे, आणि कुणाला पत्ता नाही.

व्हीलॅन परत आल्यावर डीआरबीडीने स्प्लिट-ब्रेन (दोन्हीकडे वेगवेगळा डेटा) म्हणून हात वर केले. आता कुठली बाजू फेकायची हे माणसाने सांगायचं. एकाच नावाच्या फायली, दोन्हीकडे वेगळे बदल. दोन दिवस मी आणि हिशेबवाले एकेक ओळ ताडून पाहत होतो.

वर्षात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे पावणेनऊ तास बंद. माझे पाच तास त्यात बसतात. त्यापेक्षा तसाच दुसरा सर्व्हर कपाटात तयार ठेवा, डिस्क काढून त्यात घाला, तासाभरात काम चालू.

तिसरा_नोड

एकच प्रश्न. फेन्सिंग, म्हणजे गप्प झालेल्या नोडची वीज तोडणं, चालू होतं का?

रिकामा_रॅक

नव्हतं. ज्या लेखावरून लावलं त्यात 'स्टॉनिथ-इनेबल्ड=फॉल्स', म्हणजे फेन्सिंग बंद, असंच लिहिलेलं होतं.

तिसरा_नोड

मग ते क्लस्टर नव्हतंच हो, एका दोरीने बांधलेले दोन सर्व्हर होते. दोरी तुटली.

पेसमेकरमध्ये स्टॉनिथ मुळात चालूच असतं. फेन्सिंगचं उपकरण जोडलं नाही तर तो कुठलीच सेवा सुरू करत नाही, अडून बसतो. ती अडचण वाटते म्हणून लेख लिहिणारे ते बंद करून पुढे जातात. वास्तविक तो आडमुठेपणा हेच त्याचं काम आहे. समोरचा नोड गप्प झाला म्हणजे मेला असं नसतं. तो जिवंत असून फक्त आपल्याशी बोलत नसेल, तर आधी त्याची वीज तोडायची आणि मगच त्याची डिस्क हातात घ्यायची. तुमच्याकडे हे असतं तर त्या दिवशी एक नोड खाली गेला असता, बस. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुसरं, संपर्क तुटला तर कुणी चालू राहायचं हे बहुमताने ठरतं, आणि दोन नोडमध्ये बहुमत होत नाही. कोरोसिंकला 'टू-नोड' सांगून चालवता येतं, पण तेव्हा सगळी भिस्त फेन्सिंगवर. त्यापेक्षा तिसरीकडे एखाद्या साध्या मशिनवर क्यूडिव्हाइस ठेवा. त्यात डेटा नसतो, नुसतं एक मत असतं. आणि हार्टबीटला दोन वाटा द्या, त्यातली एक स्विचला न शिवता थेट केबलने.

कपाटातल्या सर्व्हरबद्दल : तासाभरात चालू होतो, पण तो तास तुम्ही जागेवर असाल तर. तुम्ही रजेवर असलात तर कोण डिस्क काढणार?

लॉग_वाचणारी

मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. इथे सगळे सर्व्हर टिकण्याबद्दल बोलताहेत. वापरणाऱ्याची उघडी फाइल टिकते का?

एक चालू-एक राखीव अशा सांबा क्लस्टरमध्ये आयपी काही सेकंदांत पलीकडे जातो, हे खरं. पण कुणी कुठली फाइल उघडलीय, कुणाचं लॉक कुठे, ही माहिती जुन्या नोडच्या मेमरीत असते आणि त्याच्याबरोबरच जाते. एक्सेल उघडून बसलेल्या माणसाला सेव्ह करताना एरर येणारच. त्याच्या लेखी सर्व्हर पडला तो पडलाच. विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर एसएमबी ३.० (विंडोजचा फायली वाटायचा प्रोटोकॉल) आलं, त्यात उघडी हँडल्स (उघड्या फायलींच्या जोडण्या) दुसऱ्या नोडवर पुन्हा मिळवायची सोय झाली. मात्र शेअर 'कंटिन्युअसली अव्हेलेबल' केलेला हवा आणि क्लायंटही त्या तोलाचा हवा. सांबात २०२४ च्या ४.२० आवृत्तीपासून विटनेस सेवा आहे, म्हणजे "तो नोड गेला, इकडे या" असं क्लायंटला कळवता येतं. उघडी फाइल सहीसलामत नेण्याची हमी ती देत नाही.

तिसरा_नोड

मान्य, पण सीटीडीबी (सांबाचा क्लस्टरसाठीचा डेटाबेस) विसरलात. त्यात लॉकची नोंद सगळ्या नोडना कळते, त्यामुळे दोन्ही नोड एकाच वेळी सेवा देतात. आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. नोड मेला की क्लायंट जुन्या टीसीपी जोडणीवर उत्तराची वाट बघत ताटकळतो. आयपी ज्याच्याकडे गेला तो नोड काय करतो, तर क्लायंटला मुद्दाम चुकीच्या क्रमांकाचं पॅकेट पाठवतो. गुदगुल्या! त्याला 'टिकल' असंच म्हणतात. क्लायंट गोंधळून "हे काय?" विचारतो, नव्या नोडला ती जोडणीच माहीत नसते, तो रीसेट पाठवतो आणि क्लायंट लगेच नव्याने जोडून घेतो. काही मिनिटांचं ताटकळणं काही सेकंदांवर येतं.

लॉग_वाचणारी

सीटीडीबी म्हणजे खाली क्लस्टर फाइल सिस्टिम (सगळ्या नोडना एकदम वापरता येणारी) आली. जीएफएस२ नाहीतर ग्लस्टर. एका माणसाच्या आयटी विभागात ती कोण सांभाळणार? छोट्या फायलींचं मोठं फोल्डर उघडून बघा त्यावर, मग बोलू.

एक्सपोर्ट_टेबल

अवांतर : एनएफएसवाल्यांनीही (लिनक्स-युनिक्सवरची फायली वाटायची पद्धत) हुरळून जाऊ नये. फेलओव्हरनंतर, म्हणजे सेवा दुसऱ्या नोडवर गेल्यावर, सर्व्हर 'ग्रेस'मध्ये जातो, लिनक्सवर न बदलता ९० सेकंद. तेवढा वेळ जुन्या क्लायंटना आपली लॉक परत मागता येतात, नवीन लॉक कुणालाच मिळत नाही. लोक म्हणतात "हँग झालं". आणि दोन्ही नोडवर एक्सपोर्टचा (वाटलेल्या फोल्डरचा) एफएसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एकच ठेवा, नाहीतर 'स्टेल फाइल हँडल'ची माळ लागेल. व्हार-लिब-एनएफएस हे क्लायंटच्या नोंदींचं फोल्डरही सामाईक डिस्कवर न्यायला विसरतात. मी विसरलो होतो.

जुनी_टेप

मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे कुणीच कसं म्हटलं नाही? चुकून फोल्डर उडवलं तर ते दुसऱ्या नोडवरही त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरचंही तसंच. आधी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती), मग बॅकअप, तो परत आणून बघितलेला. क्लस्टरचं नंतर बघा. बाकी चालू द्या.

तिसरा_नोड

बॅकअप हवाच, त्यावर वाद कुठे आहे? पण एक फायदा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय. मदरबोर्ड जाण्याची वेळ क्वचित येते, कर्नलचे अपडेट मात्र येतच राहतात. मी आता ते भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत करतो. सेवा पलीकडे सरकवायची, हा नोड रीबूट, परत आणायची. रात्री दोनला उठणं बंद झालं. क्लस्टरचे पैसे मी तिथे वसूल करतो.

लॉग_वाचणारी

हे पटलं. सुट्टीत उघड्या फायली कमी असतात, म्हणजे माझी तक्रारही बोथट होते.

पण नोड 'स्टँडबाय' करून सेवा सरकवणं ही चाचणी नाही, तो शिष्टाचार झाला. चालत्या नोडची वीज कधी ओढलीत का? दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल एकदम?

तिसरा_नोड

वीज नाही ओढली. नेटवर्क केबल ओढली होती, मस्त फेन्स झाला. शनिवारी वीज ओढून सांगतो.

रिकामा_रॅक

वाट बघतोय.

तिसरा_नोड

ओढली. सांगायला लाज वाटतेय, पण सांगतो.

माझं फेन्सिंग आयपीएमआयवरून आहे. म्हणजे नोड बंद करायचा हुकूम त्याच नोडच्या बोर्डावरच्या चिपला जातो. वीज गेली की ती चिपही मेलेली. दुसरा नोड विचारत राहिला, "बंद झालास का?" आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. खात्री होईना म्हणून त्याने डिस्क घेतली नाही, आयपीही घेतला नाही. अकरा मिनिटं शेअर बंद. शेवटी मी हाताने कन्फर्म दिलं की बाबा, तो खरंच बंद आहे, केबल माझ्या हातात आहे.

डेटा मात्र एका बाइटनेही बिघडला नाही, हे नोंदवून ठेवतो. आता फेन्सिंगची दुसरी पातळी म्हणून नेटवर्कवरून बंद करता येणारा पीडीयू (सॉकेटची पट्टी) लावतोय. चिपकडून उत्तर नाही आलं तर सरळ सॉकेट बंद.

रिकामा_रॅक

अकरा मिनिटं की दोन दिवस, यात मी अकरा मिनिटं घेईन. वरच्यांना क्यूडिव्हाइस आणि पीडीयूसकट खर्च लिहून देतो. एवढं नको असेल तर कपाटातला सर्व्हर, मधलं काही लावणार नाही.

पीडीयूचं मॉडेल व्यनि (खासगी निरोप) करा.