विजयदुर्गची आग नक्की कुणी लावली?

खाडीकाठचा
परवा विजयदुर्गजवळच्या गिर्येला आंग्र्यांची गोदी पाहून आलो. ओहोटी होती. भिंतीवर बसून डबा खाल्ला, पण घास काही गोड लागेना. याच वाघोटण खाडीत फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं.

१७१८ ला इंग्रज खांदेरीवर चालून आले, १७२१ ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर. दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. तुळाजीचे वडील, सरखेल कान्होजी होते तोवर हे असंच चाललं. मग १७५५ ला सुवर्णदुर्ग पडला, पुढच्या वर्षी विजयदुर्ग, आणि दोन्ही वेळा इंग्रजांच्या जोडीला कोण होतं? पेशव्यांची फौज! तुळाजीसारख्या एका सरदारावरचा राग काढायला नानासाहेब पेशव्यांनी समुद्राकडचं दार स्वतःच्या हाताने पेटवलं, हे माझं मत. पटत नसेल तर सांगा, पण "तो काळच तसा होता" एवढं सांगून सुटू नका.

घाटावरचा पाहुणा
नाही पटत. तुळाजीला तुम्ही फार सोज्वळ करून टाकलंत. प्रतिनिधींचा मुलूख, बावड्याच्या अमात्यांचा मुलूख, वाडीचे सावंत, यातलं त्याने कुणाला सोडलं? पुण्याला तो जुमानत नव्हता. दर्यावर दस्तक, म्हणजे जहाजांना जायचा परवाना, त्याचा, वसुली त्याची. असा माणूस आज कुठल्या सरकारला चालेल? शिवाय आंग्र्यांचं घर फुटलं ते कान्होजींचा मुलगा सेखोजी १७३३ ला वारल्यावर. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेत, आणि भाऊ भावावर तोफा डागतोय. दार आधीच खिळखिळं होतं, साहेब.

खाडीकाठचा
खिळखिळं दार दुरुस्त करतात, शेजाऱ्याच्या हातात काडी देत नाहीत. तुळाजीला वठणीवर आणायला मानाजी होते, जमिनीवरून फौज होती. इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार कशाला हवं होतं?

तांडेलाचा नातू
दोघेही पुण्यातच अडकलात, जरा पाण्यात उतरा. आंग्र्यांची गुराब म्हणजे लढाऊ नाव, उथळ बुडाची, पुढून निमुळती. वारा पडला की गलबतं वल्ही मारत तिला ओढायची. खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याच्या वाऱ्यावर, एकट्यादुकट्या व्यापारी जहाजामागे लागायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण वॉटसन साठ-सत्तर तोफांची लढाऊ जहाजं घेऊन आला होता. एका बाजूच्या तोफा एकदम सुटल्या की गुराब टिकायची नाही. कान्होजींनी अशा जहाजांशी उघड्या दर्यात समोरासमोर झुंज घेतलीच नाही, त्यांची अक्कल तिथेच दिसते.

तुळाजीने काय केलं? सगळं आरमार किल्ल्याच्या आडोशाला खाडीत एकमेकांना खेटून ठेवलं. पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या एका जहाजावर गोळा पडला, ते पेटलं, आणि बघता बघता सगळी रांग पेटली. वणव्यात गवताच्या गंज्या जातात तशी. ही चूक पेशव्यांची कशी?

घाटावरचा पाहुणा
व्वा. शिवाय तेव्हा तुळाजी किल्ल्यात तरी कुठे होता! बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता, किल्ला मेहुण्याच्या हवाली.

खाडीकाठचा
म्हणजे बोलणी चालू होती, हे तुम्हीच कबूल केलंत. किल्ला पेशव्यांच्या ताब्यात जाईल या धास्तीने तर इंग्रजांनी घाई केली. आत शिरले, दहा लाखांच्या आसपासची लूट आपापसात वाटून घेतली, दोस्ताला दमडी दिली नाही. त्या स्वारीत क्लाइव्हही होता. पुढच्या वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह हीच जोडगोळी कलकत्त्याला, मग प्लासी. अशा माणसांना नानासाहेबांनी किल्ल्यापर्यंत वाट दाखवली.

मालवणचो झील
माझो आजो सांगी, दर्याक दोन धनी चालत नाय. सावंत, सिद्दी, आंग्रे, पेशवे, फिरंगी, सगळ्यांका एकाच पाण्यात वाटो होयो होतो. चालू द्या तुमचा.

वाघोटणची
"आरमार संपलं" हे वाक्य दर वेळी खटकतं. विजयदुर्ग पेशव्यांकडे परत आला, तिथे सुभा बसला आणि आनंदराव धुळपांनी याच बंदरातून पुन्हा आरमार चालवलं. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं रेंजर जहाज लढून पकडलं. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह आधीच झालेला, म्हणून ते परत द्यावं लागलं, ही गोष्ट वेगळी. धुळपांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, कारण आंग्र्यांच्या आगीची गोष्ट जास्त रंगते.

खाडीकाठचा
धुळपांबद्दल मान्य. चूक माझी, आरमार जळालं म्हणजे संपलं असंच धरून लिहिलं होतं. पण कान्होजींच्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाजांना या किनाऱ्यावरून जाणं अवघड होतं. तो दरारा धुळपांच्या काळात होता का?

वाघोटणची
तेवढा नव्हता.

तांडेलाचा नातू
कान्होजी १७२९ ला गेले तेव्हापासूनच ओसरत होता.

खाडीकाठचा
बरं, एक शेवटचं. १७५६ च्या पुण्याच्या तहात विजयदुर्ग परत मिळाला, पण बाणकोट इंग्रजांकडेच राहिलं. त्यांनी नाव बदलून फोर्ट व्हिक्टोरिया केलं. सावित्रीच्या तोंडावरचा किल्ला! तो कुणाच्या खात्यावर मांडायचा, तुळाजीच्या?

घाटावरचा पाहुणा
तो नानासाहेबांच्याच. बाकीचं मी मान्य केलेलं नाही.