मॅक्झिमम एन्ट्रॉपी: कमाल, महत्तम की आणखी काही?

नौपाडाकर: रविवारी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर ‘मॅक्झिमम एन्ट्रॉपी’वर बोलायचंय. अपुऱ्या विदेतून (डेटातून) निष्कर्ष कसा काढतात, हा विषय. शीर्षकाला मराठी शब्द हवाय. ‘कमाल एन्ट्रॉपी’ लिहिलं तर बायको म्हणते, “कमालच आहे एन्ट्रॉपीची!” ‘महत्तम’ म्हटलं की मसावि आठवतो. आणि एन्ट्रॉपीला ‘गोंधळ’ चालेल का?

नेरूळची मैत्रेयी: ‘कमाल’ चालेल, तापमान रोज कमाल-किमान असतंच की. ‘गोंधळ’ मात्र नको, दादा. आमच्याकडे गोंधळ म्हणजे लग्नानंतरचा, संबळ वाजतं तो. शिवाय लोकांना वाटेल, विदेत मुद्दाम घोळ घालायचाय. माहिती-सिद्धांत मांडणाऱ्या शॅननने १९४८ मध्ये मांडलेली एन्ट्रॉपी अनिश्चितता मोजते. भौतिकशास्त्रज्ञ जेन्सने १९५७ मध्ये तिच्यावरून नियम केला: जे माहीत आहे ते पाळा, बाकी अनिश्चितता जास्तीत जास्त ठेवा.

त्याचंच फाशाचं उदाहरण घ्या. साध्या फाशाची सरासरी ३.५. समजा, एका फाशाची ४.५ येते, एवढंच कळलंय. नुसते तीन आणि सहा निम्मे-निम्मे पडले तरी ४.५च येते, पण बाकीचे आकडे पडतच नाहीत हे कुणी सांगितलं? कमाल एन्ट्रॉपीने एकाची संभाव्यता सुमारे ०.०५ आणि सहाची ०.३५ येते, मधले आकडे चढत जातात.

कोपरीचे अण्णा: अहो, याला आपल्या आज्या म्हणायच्या, “ऐकलंस तेवढंच सांग, पदरचं घालू नकोस.”

नौपाडाकर: अण्णा, जिंकलंत! पण पदरचं घालणं म्हणजे खिशातून खर्च करणंही ना?

कोपरीचे अण्णा: तेही. पण पैशाची गोष्ट नसली की अर्थ आपोआप कळतो.

नेरूळची मैत्रेयी: खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं सांगा मग. ३० अँटेना असूनही आकाशाच्या चित्राचे सगळे घटक मोजले जात नाहीत. न मोजलेल्या जागी शून्य धरणं हेसुद्धा पदरचंच! भूभौतिकीतल्या बर्गने १९६७ मध्ये हेच हेरलं: सहसंबंधाच्या, म्हणजे संकेताचा स्वतःच्याच मागच्या भागाशी किती मेळ बसतो त्याच्या, नोंदी संपल्या की पुढे सरसकट शून्य धरत, ते त्याने सोडून दिलं. मात्र एक खोच आहे. राशी अखंड (लांबीसारखी, मधे खंड नसलेली) असली की आधी आधार-वितरण, म्हणजे सुरुवातीला कोणती किंमत किती शक्य धरायची ते, निवडावं लागतं, आणि ते निवडणारे आपणच.

कोपरीचे अण्णा: म्हणजे थोडं पदरचं जातंच.

नौपाडाकर: मग शीर्षक ‘पदरचं कमीत कमी’. आत एन्ट्रॉपीला एन्ट्रॉपीच म्हणतो. भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसियसने १८६५ मध्ये हा शब्द मुद्दाम ग्रीकवरून घडवला, तो सगळ्या भाषांत तसाच चालावा म्हणून. बायकोला ‘कमाल’ तेवढं ऐकवणार नाही.