मदत हवी आहे: अकीकाच्या चकत्यांना मधोमध चकाकी येत नाही (घरी केलेली व्हायब्रेटरी लॅप)

नमस्कार मंडळी,

दगडांचा नाद असलेलं इथे कोणी आहे का? असल्यास कृपया शेवटपर्यंत वाचा, जरा लांबण लागणार आहे.

मी ६१ वर्षांचा, चौतीस वर्षं लेथवर काढून निवृत्त झालो. गाव नगरकडचं. आमच्या ओढ्यात काळ्या पाषाणातून सुटलेले अकीकाचे (इंग्रजीत अ‍ॅगेट) गोटे सापडतात. बाहेरून बटाट्यासारखे ओबडधोबड, कापल्यावर आत कांद्यासारखे पापुद्रे. असे पाच-सहा गोटे डायमंड ब्लेडवर कापून आणले. चकत्या ६-७ मिमी जाड, सर्वांत मोठी ११ सेमी रुंद.

चकत्या हाताने घासणं या वयात जमण्यातलं नाही, म्हणून व्हायब्रेटरी लॅप स्वतःच बनवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक सपाट तळाची लोखंडी थाळी स्प्रिंगांवर बसवायची, तिच्या खाली मोटार आणि मोटारीच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन. मोटार फिरली की थाळी थरथरते. थाळीत पाणी, सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि चकत्या पालथ्या. चकत्या आपल्या आपण हळूहळू गोल फिरत राहतात आणि घासल्या जातात. माझी थाळी १५ इंची, तळाला ८ मिमी प्लेट, कडेला पट्टी वेल्ड करून घेतली. मोटार पाव एचपी, १४४० आरपीएम. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, त्यामुळे घरात तिला गिरणीच म्हणतात. दळण चोवीस तास चालू असतं, शेजारचे अजून तरी गप्प आहेत.

आतापर्यंत केलं ते असं: ८० नंबर पावडर एक दिवस, मग २२० एक दिवस, ६०० एक दिवस (नंबर जितका मोठा, तितकी पावडर बारीक). शेवटी थाळीत फेल्टचा (नमद्यासारखं जाड कापड) गोल तुकडा घालून सेरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पावडर. चकत्या एकमेकींवर आपटून कडा उडू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कडेभोवती सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून बसवलाय. लहान चकत्या हलक्या पडतात, म्हणून त्यांच्या पाठीवर मोठे वॉशर चिकटवले. (आधी पांढऱ्या गोंदाने चिकटवले होते. पाण्यात काय होणार ते कळायला हवं होतं.)

अडचणी तीन:

पहिली आणि मुख्य. कडेला दोन बोटं रुंदीचा गोल पट्टा आरशासारखा चमकतो, ट्यूबलाइट दिसते त्यात. मधे मात्र धुकं. सेरियम आणखी दोन दिवस चालवलं, कडा अजून चमकली, मधलं धुकं तसंच.

दुसरी. चकत्या थाळीभर फिरत नाहीत, सगळ्या काठाला जाऊन चिकटतात आणि काठाकाठानेच प्रदक्षिणा घालतात.

तिसरी. ६०० नंतर मधूनच एखादा लांब ओरखडा येतो. पुन्हा ६०० लावलं की तो जातो आणि दुसरा येतो.

पावडर भेसळीची असावी असा माझा संशय आहे. दुकान बदलू का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

काका, आमच्याकडे कोटा फरशीला पॉलिश करणारे आले होते. ते शेवटी एक पांढरी पावडर टाकतात, त्याने लख्ख चकाकी येते. ऑक्झॅलिक म्हणतात. ती वापरून बघा, स्वस्त असते.

प्रतिसाद २

वरचा सल्ला ऐकू नका. ऑक्झॅलिक ॲसिडची चकाकी येते ती दगडातल्या चुन्याशी त्याची क्रिया होते म्हणून. कोटा, शहाबादी, मार्बल हे सगळे चुन्याचे दगड. अकीक म्हणजे सिलिका, गारगोटीच्या जातीचा. त्याला ऑक्झॅलिकने ढिम्म काही होणार नाही. वर ते विषारी, घरात नातवंडं असतील तर आणूच नका.

आणि काका, थाळीतला गाळ कुठे टाकता? बेसिनमध्ये ओतत असाल तर लगेच थांबवा. पाइपात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी ओता, खालचा गाळ कचऱ्यात. आणि जमिनीवर सांडलेला वाळला तर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. गुजरातेतल्या खंभातचा अकीक उद्योग जितका जुना आणि नावाजलेला, तितकाच तिथल्या कारागिरांचा सिलिकोसिसही (याच धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार). ओलं काम त्यामानाने सुरक्षित, वाळलेलं नाही.

धागाकर्ता

बेसिनचं तुम्हाला कसं कळलं? मागच्या रविवारी प्लंबर येऊन गेला. सौंनी त्याचं बिल फ्रिजवर लावून ठेवलंय.

धुळीचं खरंच लक्षात आलं नव्हतं, आभार. पण मूळ प्रश्न तसाच आहे.

प्रतिसाद ३

काका, मी दगडवाला नाही, दुर्बिणीवाला. आयुकातल्या (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) कार्यशाळेत दुर्बिणीचा आरसा घासायला शिकलो, तेव्हापासून तीन आरसे झाले. पावडरी आपल्या त्याच, म्हणून धाडस करून लिहितो.

तुमची पावडर चांगली आहे. कडेला आरसा होतोय ना? भेसळीची असती तर कुठेच झाला नसता. मला वाटतं तुमच्या चकत्या खोलगट झाल्यात. मधला भाग फेल्टला नीट टेकतच नाही, तर चमकेल कसा? सहा इंची, एफ/८ (फोकल लांबी व्यासाच्या आठपट) आरशाचा खोलगटपणा मधोमध जेमतेम १.२ मिमी असतो, आणि तेवढा आणायला आम्ही तासन्‌तास हात चालवतो. तुम्हाला तो फुकटात मिळालाय असं दिसतं. तुमच्या चकतीला मिलिमीटरचा दहावा भाग खोलगा असला तरी काम बिघडेल, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

खात्री करायची असेल तर चकतीच्या तोंडावर साध्या पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारा. थाळीत २२० घालून पाच मिनिटं चालवा, धुवा, बघा. जिथे रेघा शिल्लक, तिथे दगड टेकलेला नाही. हीच परीक्षा ८० नंबरनंतरही करत जा. रेघा सगळीकडून पुसल्या जाईपर्यंत पुढच्या नंबरवर जायचंच नाही. एक दिवस की तीन दिवस, हे घड्याळावर ठरत नाही.

आता खोलगट का झाल्या? तुमची दुसरी तक्रारच त्याचं उत्तर असावं. सगळ्या काठाला पळतात म्हणजे थाळी मधे उंच असणार, आणि तो फुगवटाच चकतीत खोलगा पाडतो. फूटपट्टी लावून बघा. (तुम्ही टर्नर, तुम्हाला हे सांगायला संकोच वाटतोय.)

प्रतिसाद ४

ओरखड्यांबद्दल मी सांगते. माझ्याकडे १० इंची लॅप आहे. दोष बहुतेक तुमच्या ट्यूबच्या पट्ट्यात. त्याच्या आत ८० नंबरचे कण अडकून राहतात आणि ६०० च्या वेळी बाहेर येतात. एक कण पुरतो! दर नंबरला पट्टा काढायचा, चकती टूथब्रशने घासायची, नवा पट्टा घालायचा. ब्रशही प्रत्येक नंबरचा वेगळा. अकीकात चिरा किंवा मधे स्फटिकांची पोकळी असेल तर तिथेही कण बसतात, तिथे ब्रश जरा जास्त चालवा. थाळीच्या वेल्डिंगचा सांधाही बघा, त्यात पावडर हमखास लपते.

कडा आधी हाताने थोड्या मारून, म्हणजे घासून बोथट करून, घेतल्यात ना? धारदार कडेची खपली उडते आणि तीच सगळीकडे ओरखडे काढत फिरते.

पाणी किती घालता तेही लिहा. माझं माप धिरड्याच्या पिठाचं. पातळ झालं तर चकत्या पाण्यावर तरंगल्यासारख्या घसरतात, घासल्या जात नाहीत. घट्ट झालं तर जागच्या जागी रुततात. रात्री झोपायच्या आधी एकदा बघून चमचाभर पाणी घालावंच लागतं. आणि गॅरेजमधली व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट कोणी सुचवली तर घेऊ नका. ती तेलकट असते, थाळी स्वच्छ करता करता जीव जातो.

धागाकर्ता

प्रतिसाद ३, संकोच तुम्हाला नाही, मला वाटायला हवा.

काल रात्री पेन्सिलीची परीक्षा केली. मोठ्या चकतीच्या मधोमध रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या जागेत रेघा जशाच्या तशा. सकाळी थाळी पुसून कोरडी केली आणि स्टीलची पट्टी आडवी ठेवली. पट्टी मधे टेकली आणि दोन्ही टोकं अधांतरी. कडेला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं, फट जवळपास एक मिलिमीटर. प्लेट आणली तेव्हा तपासली होती, तेव्हा सरळ होती. कडेची पट्टी वेल्ड केली तेव्हा उष्णतेने कडा आकसली आणि मधला भाग वर उचलला गेला. वेल्डिंगनंतर पुन्हा पट्टी लावली नाही. हाताखालच्या पोरांनी ही चूक केली असती तर मी काय काय बोललो असतो ते इथे लिहिता येणार नाही.

प्रतिसाद ४, ताई, पट्ट्याचंही बरोबर निघालं. ट्यूब काढून पांढऱ्या कागदावर झटकली तर करड्या कणांची रेघ पडली. कडा मारल्या नव्हत्या, तेही कबूल.

एकच शंका राहिली. थाळीचं फेसिंग करून (लेथवर तोंड सपाट करून) घेतलं की याच चकत्या वाचतील, की नव्याने कापाव्या लागतील?

प्रतिसाद ३

वाचतील. खोलगा मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा असेल तर सपाट थाळीवर कडेचा तेवढाच दगड जाईल, सहा मिमीत काही कळणार नाही. फक्त पुन्हा ८० पासून. २२० वर भागेल असं वाटेल, पण त्या मोहात पडू नका, आठवडा जाईल.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

मित्राच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या लेथवर थाळी बांधून फेसिंग केलं. मीच केलं, त्याच्या कारागिराला हात लावू दिला नाही. आता पट्टीखाली कागदही सरकत नाही.

८० नंबर लावल्यावर पहिल्याच तासात फरक दिसला. चकत्या काठ सोडून मधूनही फिरतायत. पेन्सिलीच्या रेघा सगळीकडून पुसल्या जायला अडीच दिवस लागले. मधे दोनदा वीज गेली, गाळ घट्ट बसला, तो उलथन्याने मोकळा करावा लागला. उलथनं स्वयंपाकघरातलं होतं, नवं आणून दिलंय.

आज २२० चा दुसरा दिवस. पट्टे नवे, ब्रश तीन, प्रत्येकावर मार्करने नंबर. एका चकतीच्या मधल्या पोकळीत अजून काहीतरी करकरतंय असं वाटतं, ती बाहेर काढून ठेवलीय. ताई, अशी पोकळी मेणाने बुजवून पुढे घेतली तर चालतं का?