पाच वेळा वाचण्यापेक्षा
"पाच वेळा वाचल्याशिवाय डोक्यात बसत नाही" असं अभ्यासाबद्दल कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पेपरात मात्र पेन हलत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्यानं मात्र एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के, दोनदा वाचणाऱ्यांच्या ४२.

बारावीला मी संध्याकाळी पुस्तकं घरी ठेवून कोरे कागद घेऊन कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जायचो, आठवेल ते लिहायचो. पहिल्या दिवशी अर्धं पानही भरेना, लई घाबरलो. पण काय येत नाही ते परीक्षेच्या तीन आठवडे आधीच कळलं. शेजारी भेळेच्या गाड्या, तेवढा एक धोका!