'समतोल'मधला 'सम' कशाचा?

प्रश्न: मुलगी अकरावीला आहे. 'रासायनिक समतोल' वाचून विचारते, "म्हणजे अभिक्रिया थांबते ना? आणि दोन्ही बाजूंना पदार्थ सारखेच उरतात?" दोन्ही चूक, पण शब्दच तसं सुचवतो. 'संतुलन' म्हटलं तर बरं पडेल का?

उत्तर: नाही पडणार. 'संतुलना'तही तराजूच आहे. तोल, तुला, राशीतली तूळ, सगळी एकाच घरातली. इंग्रजी 'इक्विलिब्रिअम'सुद्धा लॅटिनमधल्या 'सारखा' आणि 'तराजू' यांचा जोडशब्द. त्यातला 'लिब्रा' म्हणजे पुन्हा तूळच! चित्र तेच, म्हणून फसगतही तीच.

शब्द ठेवा, पण 'सम' कशाला लावायचा ते आधी सांगा. सम होतात ते वेग: सरळ अभिक्रियेचा आणि उलट अभिक्रियेचा. पदार्थांचं प्रमाण कितीही विषम असू शकतं. मी तर सुरुवातीला दर वेळी 'गतिक समतोल' असंच म्हणावं या मताची आहे.

सीलबंद नळीतला नायट्रोजन डायऑक्साइड मुलीला दाखवता आला तर जरूर दाखवा. तो तपकिरी असतो. त्याचे दोन रेणू जोडले की बनणारा टेट्रॉक्साइड रंगहीन. नळी बर्फात धरली की रंग फिका पडतो, गरम पाण्यात धरली की गडद होतो. साध्या तापमानाला बाहेर काढली की रंग पुन्हा पहिल्यासारखा. मग तो बदलत नाही, तरी आत जोड्या जुळणं आणि तुटणं चालूच असतं, सारख्याच वेगाने.

आणखी एक उत्तर: याच वायूने सिरिंज भरून तोंड बंद करा आणि दट्ट्या झटकन दाबा. रंग आधी गडद होतो, मग थोडा उतरतो. इथे बॉईलच्या नियमातला 'व्यस्त' शब्दही समजावून सांगावा लागतो. दाब आणि आकारमान 'व्यस्त प्रमाणात', हे ऐकून मुलांच्या डोळ्यांसमोर कामात बुडालेला माणूस येतो, कारण 'बिझी' या अर्थाचा हिंदीतला 'व्यस्त' आता आपल्या बोलण्यात रुळला आहे. गणितातला व्यस्त म्हणजे उलट: एक निम्मं झालं की दुसरं दुप्पट.

पण या सिरिंजमध्ये आकारमान निम्मं केलं आणि तापमान तेच राखलं, तरी दाब पूर्ण दुप्पट होत नाही. दाबामुळे जास्त जोड्या जुळतात आणि एकूण रेणू कमी होतात. बॉईलने नियम मांडला 1662 मध्ये, रेणूंची कल्पना रुजण्याच्या फार आधी. आपण अजूनही 'ठरावीक वस्तुमानाचा वायू' असंच पाठ करून घेतो. इथे वस्तुमान तर तसूभरही बदललेलं नाही, बदलले ते मोल, म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक. म्हणून व्याख्येत 'वस्तुमान' काढून 'मोलसंख्या' घालावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ता: 'सम वेगांचा' असं मुलीने वहीत समासात लिहून घेतलं आहे. सिरिंजचं तिच्या सरांना विचारते.