हत्तीला हात लावू देतात, अशा ठिकाणी जावं का?

कृष्णा_वेण्णा (सातारा)

दिवाळीत आणि मे महिन्यात आपल्याकडची बरीच कुटुंबं राजस्थान, कूर्ग, केरळ करतात आणि त्या सहलीत हत्तीचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. हत्तीवर बसणं आता पुष्कळांना खटकतं, म्हणून काही खासगी ठिकाणांनी नुसती पाटी बदलली आहे. बसू नका, त्याऐवजी अंघोळ घाला, सोंडेवर रंगाने नक्षी काढा, केळी भरवा. दारावर लिहिलेलं असतं 'हत्ती अभयारण्य'. कायद्याने अभयारण्य सरकार जाहीर करतं. कुणी आपल्या भिंतीवर रंगवलेल्या त्या शब्दाला काडीचीही किंमत नाही.

माझं म्हणणं असं की अनोळखी माणसाला जिथे हत्तीला हात लावू देतात, तिथे एक रुपयाही मोजू नये. तीन टनांचं जनावर दिवसभर नवखे हात अंगावर फिरू देतं, ते लळा लागला म्हणून नव्हे. कोवळ्या वयात बांधून, उपाशी ठेवून, मारून त्याच्या मनात माणसाची भीती बसवलेली असते. ती टिकावी म्हणून माहुताच्या हातात अंकुश राहतो. अंकुश दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, मुठीत लपवलेला खिळाही तेच काम करतो.

मग जायचं कुठे? मथुरेजवळच्या हत्तींच्या केंद्रात. आपल्या खटाव तालुक्यातल्या औंधचा गजराज हत्ती जून २०१७ मध्ये तिकडेच नेला होता. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते केंद्र चालवते आणि २०१८ पासून तिथे हत्तींसाठी वेगळं रुग्णालयही आहे. गोवा एक्स्प्रेस सांगली, साताऱ्यावरून थेट आग्रा कॅन्टोन्मेंटला जाते. तिथे उतरून मथुरेच्या दिशेने महामार्गाने निघालं की फरहजवळ चुरमुरा गाव लागतं. आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. बरोबर माहितगार माणूस असतो, हत्ती अंतरावरून बघायचा. त्याच वाटेवर कीठमच्या तलावाशी दरवेशांकडून सोडवलेल्या अस्वलांचं केंद्र आहे, तेही त्याच दिवशी होतं.

तुंगाकाठ (मिरज)

हात लावणं हीच एक कसोटी धरली, तर चांगली ठिकाणं बाद होतील आणि वाईट ठिकाणं पास होतील.

शिमोग्याजवळचं सक्रेबैलू घ्या. छावणी कर्नाटक वनखात्याची. सकाळी हत्ती तुंगा नदीत येतात, माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी त्यांना घासूनपुसून काढतात, मग खाणं होतं. दुपारनंतर हत्ती जंगलात सोडतात. पायात लांब साखळी असते, पण ती कुठे बांधलेली नसते, जमिनीवर घासत जाते. रात्रभर हत्ती बांबू, साली, गवत असं आपल्या मनाने चरतो. सकाळी माहूत साखळीचा माग काढत जातो आणि त्याला घेऊन येतो. छावणीतल्या माद्यांना जंगली नरांपासून पिल्लं होतात. कूर्गमधलं दुबारे, तमिळनाडूतलं थेप्पक्काडू या छावण्यांची पद्धतही थोड्याफार फरकाने हीच. थेप्पक्काडू तर शंभर वर्षांहून जुनं आहे.

आता दुसरीकडे बघा. चार एकरांचं कुंपण, आत एकटी हत्तीण, पर्यटक वीस फुटांवर, कुणीच हात लावत नाही. तुमच्या कसोटीला हे ठिकाण उतरतं. पण कळपात जन्मभर आई, मावशी, बहिणींबरोबर राहणारं ते जनावर तिथे एकटं डोलत उभं असतं, त्याचं काय? मी आधी दोन गोष्टी विचारीन: दिवसातले किती तास तो मोकळा असतो, आणि सोबतीला दुसरा हत्ती आहे का.

खूर_आणि_नख (विटा)

तुंगाकाठ, मोकळे तास आणि सोबत हे तुमचं म्हणणं बरोबर. पण पर्यटकांच्या अंघोळीचा मुद्दा तुम्ही ओलांडून पुढे गेलात. माहुताची अंघोळ आणि तिकिटाची अंघोळ या वेगळ्या गोष्टी आहेत.

माहूत दिवसातून एकदा घासतो तेव्हा कानामागची जखम, साखळीने सोललेला घोटा, नखाची भेग त्याच्या नजरेस पडते. ती तपासणीच असते. अंघोळ झाली की हत्ती सोंडेने माती उडवून अंगावर घेतो. तो थर त्याला ऊन आणि गोमाशांपासून वाचवतो. पर्यटकांच्या पाळ्या लागल्या की हत्ती दिवसातून पाच-सहा वेळा पाण्यात आडवा पाडला जातो आणि प्रत्येक वेळी तो थर धुऊन जातो. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या हत्तीला कुशीवर पडून पुन्हा उठणं हीच शिक्षा असते. ज्याला कधीच आडवं होता येत नाही त्याच्यासाठी चांगल्या केंद्रात मातीचा उतरता ढीग रचतात. त्याला टेकून तो उभ्याउभ्या झोप काढतो. असा ढीग दिसला तर समजा, इथे हत्तीचा विचार करणारं कुणीतरी आहे.

तिथे गेल्यावर आधी पाय बघा, सोंड नंतर. पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला बहुतेक वेळा चार नखं असतात. तळव्याला जाड गादी असते. जंगलात रोज कित्येक किलोमीटर चालून नख आणि गादी आपोआप झिजतात. फरशीवर बांधलेल्या हत्तीचं तसं होत नाही. नख वाढतं, त्यावर भार येतो, ते चिरतं. खाली स्वतःचंच मूत साचलेलं असेल तर गादी मऊ पडते, भेगेत माती आणि जंतू शिरतात, आत पू होतो. बरं करायला महिने जातात: रोज कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पाय बुडवायचा, कानशीने नख घासायचं, मेलेली कातडी कापायची, आयोडिनने धुवायचं. एवढं करूनही ओल्या फरशीवर परत उभं केलं की पहिले पाढे पंचावन्न. पाळीव हत्ती मरतात त्यात पायांच्या दुखण्याचा वाटा फार मोठा आहे.

शिरोळची_माती

नखं, गादी सगळं वाचलं. पण इथल्या माणसांचंही कुणीतरी ऐका.

नांदणीच्या जैन मठात महादेवी हत्तीण १९९२ पासून होती. जुलै २०२५ च्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरच्या वनतारा या प्राणिकेंद्रात नेलं तेव्हा शिरोळ, हातकणंगले, मिरज भागातले लोक रस्त्यावर रडत होते. ऑगस्टमध्ये नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली. त्याआधी २०१४ मध्ये जोतिबाचा सुंदर नावाचा हत्ती बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. मग औंधचा गजराज. प्रत्येक वेळी तेच: हत्ती लांब जातो आणि ज्यांनी त्याला वाढे (उसाचे शेंडे) घातले, ज्यांच्या अंगणात तो वळणावर थांबायचा, त्यांना एक शब्द विचारला जात नाही. आता तुम्ही म्हणता दीड हजार किलोमीटर जा, तिकीट काढा, लांबून बघा. हे न्यायाचं वाटतं का तुम्हाला? पाय दुखत होते तर डॉक्टर इथे आणा, मातीची जागा इथे करा. महादेवी गेल्यावर लोकांचा रेटा आला तेव्हा नांदणीजवळ केंद्र उभारायची तयारी वनतारानेच दाखवली ना? मग ते आधी का सुचलं नाही?

कृष्णा_वेण्णा (सातारा)

शिरोळची_माती, तुमचं दुःख खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. औंधमध्येही गजराज निघाला तेव्हा गाव लोटलं होतं. पण लोकांची माया आणि हत्तीची गरज यांत गल्लत नको. महादेवीच्या पायांचे आणि सांध्यांचे अहवाल न्यायालयापुढे आले होते. माया होती, तरी पाय सडले. ती दोन्ही एकाच हत्तीच्या बाबतीत खरी होती.

केंद्र जिल्ह्यातच व्हावं, या तुमच्या मागणीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. फक्त त्याची मापं हत्तीची असावीत. निदान दोन-तीन हत्तीणी एकत्र, मातीची जमीन, डुंबायला पाणी, रात्री साखळी नाही, कायम पशुवैद्यक. आणि मिरवणूक नाही.

खूर_आणि_नख (विटा)

वाढ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण ऊसपट्ट्यात ही चूक सर्रास होते. हत्तीला दिवसाला दीडशे ते दोनशे किलो चारा लागतो आणि खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त न पचता बाहेर पडतं. त्याचं पोट चोथ्यासाठी बनलेलं आहे. आपण प्रेमाने ऊस, गूळ, केळी, भात, प्रसादाचे लाडू देतो. पोट गच्च होतं, वजन वाढतं आणि वाढलेलं वजन थेट त्या दुखऱ्या पायांवर येतं. नुसत्या वाढ्यांवर ठेवलं तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं. गुरांच्या बाबतीत आपले शेतकरी हे जाणतात. वड-पिंपळाच्या फांद्या, हत्तीगवत, मका, कडबा असं मिसळून हवं, आणि फांदी सोलायला त्याला वेळ लागला पाहिजे. खाण्यात दिवस गेला नाही की ते डोलणं सुरू होतं. लोकांना वाटतं, हत्ती भजनावर डोलतोय.

रानवाट (इस्लामपूर)

माझं मत तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. कुठल्याच केंद्रात जाऊ नका. आजारी, म्हातारे, माणसाला भ्यालेले हत्ती आहेत ते; त्यांना बघायला गर्दी कशाला? पैसे द्यायचे असतील तर घरून पाठवा. हत्ती बघायचा असेल तर कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात जा. मार्च ते मे काबिनी जलाशयाचं पाणी उतरतं, काठावर कोवळं गवत येतं आणि कळपच्या कळप खाली येतात. वनखात्याच्या सफारीतून एका तासात हत्तींचं जेवढं वागणं दिसतं, तेवढं कुठल्याही केंद्रात दिसायचं नाही. पिल्लाला मधे घेऊन चालणारी मावशी कुंपणात कुठून दाखवणार?

एक हात जोडून विनंती: जवळ म्हणून दोडामार्ग-तिलारी किंवा चंदगड-आजऱ्याकडे हत्ती 'बघायला' जाऊ नका. २००२ पासून कर्नाटकातून तिकडे येणारे हत्ती बागायतीत शिरतात. गाडीचे दिवे आणि मोबाइल घेऊन मागे लागलात की बिथरलेला हत्ती दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याच्या अंगावर जातो.

तुंगाकाठ (मिरज)

तिलारीबद्दल शंभर टक्के सहमत. पण जंगली हत्ती गावात शिरला की त्याला आवरायला कोण लागतं? छावणीतलेच कुमकी, म्हणजे या कामासाठी शिकवलेले हत्ती. म्हैसूरच्या दसऱ्यात सोन्याची अंबारी वाहिलेला अर्जुन डिसेंबर २०२३ मध्ये सकलेशपूर भागात अशाच मोहिमेत जंगली हत्तीशी झुंजताना मेला. त्या छावण्या, तिथले जेनू कुरुबा जमातीचे माहूत आणि त्यांची पिढ्यांची विद्या टिकवायची तर लोकांनी तिथे जायला हवं.

कृष्णा_वेण्णा (सातारा)

अर्जुन कामावर मेला, हे छावणीच्या बाजूचं कारण होतं की विरुद्ध बाजूचं, यावर तुम्हीच थांबून विचार करा.

रानवाट, घरून पैसे पाठवा म्हणता, पण लोक तसे पाठवत नाहीत. लहान मूल सुजलेला पाय डोळ्यांनी बघतं, साखळीचा जुना वण बघतं, आणि पुढच्या वर्षी जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यावर हत्तीवर बसायला नकार देतं. त्या किल्ल्याच्या दगडी चढावर हत्ती माणसं वाहतात. हत्तीच्या कण्यावरची हाडं वर निघालेली असतात, घोड्यासारखी सपाट पाठ त्याला नसते. त्यावर हौदा, दोन माणसं, माहूत. २०१८ च्या तपासणीत तिथले दहा हत्ती क्षयाच्या चाचणीत पॉझिटिव्ह निघाले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्याच एका हत्तिणीने परदेशी पर्यटक बाईला सोंडेने उचलून आपटलं.

सांगलीवाडी_आई

पुढच्या महिन्यात सासूबाई आणि दोन मुलांसह जायचा बेत आहे. केंद्र खरं की दिखाऊ, हे फोनवर कसं ओळखायचं? जवळचं काही आहे का?

खूर_आणि_नख (विटा)

ताई, फोनवर नेमकं विचारा. रात्री हत्ती कुठे आणि कसे असतात? 'बांधलेले' म्हणाले तर किती तास आणि साखळी किती लांब, ते विचारा. नर माजावर आला की काय करता? तेव्हा चांगल्या केंद्रालाही त्याला वेगळं ठेवावं लागतं, त्यामुळे 'आमच्याकडे कधीच बांधत नाही' या उत्तरापेक्षा नीट समजावून दिलेलं उत्तर जास्त भरवशाचं. पिल्लं आहेत का, असतील तर आली कुठून? बंद कुंपणाच्या निवाऱ्यात मुद्दाम पैदास करायचं काहीच कारण नाही. उपचाराच्या वेळी माहूत हत्तीच्या शेजारी असतो की मधे लोखंडी गजांची भिंत असते? गजांच्या पलीकडून हत्ती खाऊसाठी आपणहून पाय पुढे करतो, तिथे अंकुशाचं काम उरत नाही. आणि मालकीचा दाखला, वनखात्याची परवानगी. हे विचारल्यावर आवाज चढला तर नोंदणी करू नका.

घरात कुणाला खोकला असेल तर जाणं पुढे ढकला. माणसाचा क्षय हत्तीला होतो. सेंट, फटाके, भडक छत्री नको. फळं बरोबर नेऊ नका. काही केंद्रांत पर्यटकाने चिरलेली फळं नंतर कर्मचारी घालतात, तेवढं चालतं.

शिरोळची_माती

ताई, जवळचं म्हणाल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरा, सकाळी बेंगळुरू. तिथून बन्नेरघट्टा. जोतिबाचा सुंदर तिथेच नेला होता. रात्री तिथले हत्ती लगतच्या जंगलात सोडतात असं आहे. कृष्णा_वेण्णा, तुमची कसोटी मला अजून पूर्ण पटलेली नाही. पण ताईंनी तिथे सुंदरची चौकशी केली आणि इथे दोन ओळी लिहिल्या, तर जोतिबाच्या वाडी रत्नागिरीतल्या पुष्कळ लोकांना बरं वाटेल.

तुंगाकाठ (मिरज)

आणि परतीला शिमोगा घ्या ताई. सक्रेबैलूला सकाळी लवकर पोचा, उशीर झाला तर हत्ती जंगलाकडे वळलेले असतात. पाण्यात उतरायला कुणी पैसे मागितले तर काठावरच थांबा. खूर_आणि_नख यांचं तेवढं मला मान्य आहे.